ईयोबाचा जमाखर्च

दिवाळीच्या अंकात दारिद्र्याची आणि दुःखाची गोष्ट काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण जे करतो त्यात ही गोष्ट असतेच. नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, आणि मध्यरात्र उलटल्यावर घर झाडून, सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर काढायचे, ही आपली जुनी रीत. लक्ष्मी आणि अलक्ष्मी या बहिणी, आणि त्यांतली अलक्ष्मी थोरली. या रीतीत काव्य आहे आणि मला ते आवडते. मात्र सूप वाजवून घालवलेली ही थोरली बहीण जाते कुठे, असा विचार कधी कधी मनात येतो. ती कुणाच्या तरी दारी जाणारच. आणि ज्याच्या दारी ती वस्तीला राहिली त्याच्याविषयी आपण काय समजतो? त्याने काहीतरी केले असले पाहिजे. या जन्मी नसेल तर मागल्या जन्मी. उलट ज्याच्या घरी समया उजळल्या, त्याचे काही पुण्य असले पाहिजे.

देवाच्या दरबारात असा एक जमाखर्च चालतो आणि त्याची नक्कल माणसाच्या तिजोरीत व अंगावर वाचता येते, ही समजूत केवळ आपलीच नाही. यहुद्यांच्या धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला बायबलाचा 'जुना करार' म्हणतात त्यात, अनुवाद नावाचे एक पुस्तक आहे. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात देवाची आज्ञा पाळणाऱ्यांना काय मिळेल आणि मोडणाऱ्यांचे काय होईल याची लांबलचक यादी दिली आहे. पाळणाऱ्यांच्या गुराढोरांना, शेताला, कुशीला, इतकेच काय पण टोपलीला आणि पिठाच्या परातीलाही बरकत. मोडणाऱ्यांच्या वाट्याला दुष्काळ, रोगराई आणि परचक्र. हे बोलणे साऱ्या राष्ट्राला उद्देशून आहे. राष्ट्राच्या बाबतीत त्यात तथ्यही असेल. अन्यायाने पोखरलेली राज्ये कोसळताना आपण पाहिली आहेत. पण राष्ट्राला लावलेले माप माणसे लवकरच शेजाऱ्याला लावू लागतात. त्याची परात रिकामी दिसली की तो पापी ठरतो.

याच ग्रंथसंग्रहात त्या मापाविरुद्ध उभे राहिलेले एक पुस्तक आहे. ते ईयोबाचे. बेचाळीस अध्यायांचे हे पुस्तक कुणी लिहिले ते माहीत नाही. बहुतेक विद्वान ते ख्रिस्तपूर्व सहाव्या ते चौथ्या शतकाच्या दरम्यानचे मानतात. सुरुवात आणि शेवट गद्यात, गोष्टीसारखा. मधला सगळा भाग पद्यात. नुसती गोष्ट वाचून पुस्तक मिटणारे पुष्कळ असतात. त्यांना ईयोब म्हणजे सहनशीलतेचा पुतळा एवढेच आठवते. मधल्या पद्यातला ईयोब मात्र मुळीच सोशीक नाही. तो भांडतो, देवावर फिर्याद गुदरतो, जन्मदिवसाला शिव्या घालतो.

गोष्ट अशी. ऊस देशात ईयोब नावाचा सत्त्वशील गृहस्थ राहतो. त्याचे सात हजार मेंढ्या, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या, पाचशे गाढवी असे पशुधन आहे, नोकरचाकर अगणित, सात मुलगे, तीन मुली. स्वर्गातल्या दरबारात परमेश्वर या माणसाचे कौतुक करतो, तेव्हा सैतान शंका काढतो. मूळ हिब्रूत या शब्दाला उपपद जोडलेले आहे. तेव्हा हे कुणा राक्षसाचे विशेषनाम नसून दरबारातले एक पद आहे, आरोप ठेवणाऱ्याचे. त्याची शंका अशी की या श्रीमंताची भक्ती हा सौदा नाही कशावरून? घेणे चालू आहे तोवर कोण हात जोडणार नाही? देणे थांबवून पाहा.

या शंकेबद्दल मला त्या आरोपकाचे ऋण मानावेसे वाटते. दरिद्री माणूस पोटासाठी देवाला भजतो, असे आपण सहज म्हणतो. सुखवस्तू माणसाची भक्ती कशासाठी असते, हे फारसे कुणी विचारत नाही. ज्याचे बरे चालले आहे त्याने घातलेला नमस्कार हा नमस्कार असतो की पावती, हे त्याचे त्याला तरी कसे कळावे?

परीक्षा होते. एकाच दिवसात एकामागून एक चार निरोपे येतात. शबाई लोकांनी बैल आणि गाढवी लुटून नेल्या. आकाशातल्या अग्नीने मेंढरे जाळली. खास्द्यांनी तीन टोळ्या करून उंट पळवले. आणि रानाकडून आलेल्या वादळाने थोरल्या मुलाचे घर कोसळून दहाही मुले चिरडून मेली. पुढे ईयोबाच्या सर्वांगाला गळवे फुटतात आणि तो खापराच्या तुकड्याने अंग खाजवीत राखेत बसतो. स्वर्गात काय पैज लागली होती हे वाचकाला ठाऊक आहे. ईयोबाला ते पुस्तकाच्या शेवटपर्यंत कुणीही सांगत नाही.

त्याच्या बायकोला या पुस्तकात एकच वाक्य आहे, आणि त्या वाक्यासाठी तिला शतकानुशतके दोष मिळाला. देवाला शिव्याशाप दे आणि मरून जा, अशा अर्थाचे ती बोलते. पण दहा मुले तिचीही होती. तिचा समाचार घ्यायला कुणी आल्याचा उल्लेख नाही. जुन्या ग्रीक भाषांतरकारांना ही उणीव जाणवली असावी. त्यांनी तिच्या तोंडी मोठे भाषण घातले आणि ती घरोघर मजुरीसाठी कशी फिरते ते सांगितले. इंग्रज कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक याने १८२६ साली या कथेची कोरीव चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत चित्रामागून चित्रात ही बाई नवऱ्याजवळ बसलेली दिसते. मूळ ग्रंथापेक्षा ब्लेकला संसार अधिक कळला होता, असे मी म्हणेन.

मग समाचाराला तीन मित्र येतात: अलीफज, बिल्दद आणि सोफर. ते दुरून त्याला ओळखतसुद्धा नाहीत. ओळख पटल्यावर मोठ्याने रडतात, डोक्यात धूळ घालून घेतात आणि त्याच्याशेजारी सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. साऱ्या पुस्तकात त्यांनी केलेले हे एकच बरे काम. आठव्या दिवशी ते बोलू लागले असते आणि हवापाण्याचे बोलले असते तरी चालले असते. पण त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली.

हे मित्र दुष्ट नव्हेत. पुष्कळ भाष्यकार त्यांना मूर्ख किंवा ढोंगी ठरवून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. ते धर्मज्ञ आहेत, त्यांची भाषा सुंदर आहे. त्यांची वाक्ये वेगळी काढून भिंतीवर टांगली तर कुणाला आक्षेपार्ह वाटणार नाहीत. त्यांतला अलीफज पहिल्या भाषणात किती अदबीने बोलतो पाहा. ईयोबाने आजवर किती दुर्बळांना धीर दिला, पडणाऱ्यांना सावरले, याची तो आठवण करून देतो. बिल्ददाला एवढा पोच नाही. मेलेल्या मुलांनीच काही पाप केले असेल, असे तो बापाच्या तोंडावर बोलून जातो. ईयोब ऐकत नाही. मी असे काही केलेले नाही, हे तो पुनःपुन्हा सांगतो. वाद वाढतो. आणि बाविसाव्या अध्यायात तोच अदबशीर अलीफज ईयोबाच्या पापांची यादीच वाचून दाखवतो: तू भाऊबंदांकडून विनाकारण गहाण घेतलेस, तहानेल्याला पाणी नाकारलेस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यातले काहीही त्याने पाहिलेले नाही. चौथ्या अध्यायात त्याने जे स्वतःच वाखाणले होते त्याच्या हे अगदी उलट आहे. पण त्याला दुसरी वाट उरलेली नाही. दुःख म्हणजे शिक्षा हा सिद्धांत खरा, आणि समोरचा माणूस तर दुःखात. तेव्हा गुन्हा असलाच पाहिजे. दिसत नसेल तर तो रचला पाहिजे. सिद्धांत वाचवण्यासाठी एका भल्या माणसाने आपल्या मित्राला गुन्हेगार केले.

असे अलीफज आपल्या आळीतही असतात. तरुण मुलगा गेला की सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणणारी माणसे एरवी मुंगीलाही दुखवत नाहीत. मूल अपंग जन्मले की आईने ग्रहण पाळले नसेल, असे सांगणाऱ्या आजीबाई मनाने प्रेमळच असतात. यात क्रौर्यापेक्षा भीती जास्त असते. त्याच्यावर आले ते विनाकारण आले असेल, तर उद्या माझ्यावरही येईल. त्याने काही केले म्हणून आले असेल, तर मी सुरक्षित आहे. शेजाऱ्याच्या पापावर आपली झोप उभी असते. ईयोब हे ओळखतो आणि मित्रांना सुनावतो की माझी दशा पाहून तुम्ही घाबरला आहात.

ईयोबाचे उत्तर एकतिसाव्या अध्यायात आहे, आणि संपत्तीविषयी या पुस्तकाला जे म्हणायचे आहे ते मला तिथे सापडते. तो शपथेवर बोलतो. माझी संपत्ती हे माझ्या पुण्याचे फळ होते, असा दावा तो करत नाही. ती हातात असताना मी तिचे काय केले, एवढेच तो सांगतो. घास एकट्याने खाल्ला नाही, अनाथ पंगतीला होता. उघड्यानागड्याला माझ्या मेंढरांच्या लोकरीची ऊब मिळाली. सोन्यावर भिस्त ठेवली नाही. नोकर-मोलकरीण तक्रार घेऊन आली तर ऐकून घेतली, कारण मला आणि त्यांना पोटात घडवणारा एकच. माझ्या जमिनीने माझ्याविरुद्ध आक्रोश करावा असे कसणाऱ्यांशी वागलो नाही. मित्र विचारत होते, हे सारे का गेले. ईयोब सांगतो आहे, होते तेव्हा कसे वापरले. दोन्ही प्रश्न संपत्तीचेच; पण पहिल्याचे उत्तर मिळवण्यासाठी दुसऱ्याच्या मनात आणि मागल्या जन्मात शिरावे लागते, तर दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याला आजच देता येते.

चोविसाव्या अध्यायात तर तो स्वतःचे दुःख क्षणभर विसरतो. त्याला दिसतात ती हद्दीचे दगड सरकवणारी माणसे. अनाथाचे गाढव हाकून नेणारी, विधवेचा बैल गहाण घेणारी. उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे, तहानेल्या तोंडाने दुसऱ्याची द्राक्षे तुडवणारे मजूर दिसतात. आणि तो देवाला विचारतो, यांचा न्याय का होत नाही? या लोकांनी काय पाप केले होते, असे तो विचारत नाही. त्यांना कुणी नागवले ते तो नीट सांगतो.

पण ईयोब संत नव्हे, हेही पुस्तक लपवत नाही. तिसाव्या अध्यायात त्याची थट्टा करणाऱ्या पोरांविषयी बोलताना तो म्हणून जातो की यांच्या बापांना मी माझ्या कळपाच्या कुत्र्यांजवळही बसू दिले नसते. दान देणारा हात आणि ही जीभ एकाच माणसाची! उदार श्रीमंतांना पुष्कळदा घेणारा माणूस प्रिय असतो तो फक्त हात पुढे करून उभा असेपर्यंत.

शेवटी वावटळीतून देव बोलतो. तो कशाचेही कारण सांगत नाही, पैजेचाही उल्लेख करत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राचे दरवाजे, रानगाढव, शहामृग, घोडा, गरुड यांविषयी तो प्रश्नांवर प्रश्न विचारतो. या सगळ्याचा ईयोबाच्या दुःखाशी काय संबंध, म्हणून पुष्कळ वाचक चिडतात, आणि त्यांचे चिडणे अगदीच गैर नाही. मला मात्र त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जिथे माणसाची वस्ती नाही अशा ओसाड रानावर पडणाऱ्या पावसाची देव आठवण देतो. तो पाऊस कुणाच्या पुण्याईने पडतो? तिथे पुण्य करायला कुणी नाहीच. पाऊस ही मजुरी असती तर तो हिशेबाने फक्त शेतावर पडला असता. येशूने पुढे डोंगरावरच्या प्रवचनात हाच पाऊस घेतला आणि तो नीतिमानाच्या व अनीतिमानाच्या बांधावर सारखाच पडतो, याकडे बोट दाखवले. आमच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतला शेतकरी यावर हसेल. त्याच्या बांधावर तो दोघांनाही सारखाच चुकवतो.

आणि मग देव रागावतो, तो मित्रांवर! ज्यांनी सारा वेळ देवाची बाजू मांडली ते देवाविषयी खोटे बोलले, आणि ज्याने त्याच्याशी भांडण मांडले तो ईयोब खरे बोलला, असा निकाल लागतो. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावे लागते, त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.

निकाल लागला म्हणून समजूत गेली नाही. काही शतकांनी येशूच्या शिष्यांना वाटेत एक जन्मांध भेटतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न तोच: पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तीही इतरांहून अधिक पापी नव्हती, असे तो स्पष्ट सांगतो. श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, या त्याच्या बोलण्यावर शिष्य थक्क झाले, असे शुभवर्तमानात लिहिले आहे. ते थक्क का व्हावेत? श्रीमंतावर देवाची मर्जी असते हे ते धरून चालले होते म्हणून. पुढे कुणीतरी अशी तोड काढली की यरुशलेमेला 'सुईचे नेढे' नावाची एक बुटकी वेस होती आणि ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट तिच्यातून जाऊ शके. अशी वेस होती याला काहीही पुरावा नाही. ती वेस श्रीमंतांसाठी प्रवचनकारांनी बांधली.

हे सारे परक्या मुलखातले, असे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम केडगावला बसून पंडिता रमाबाईंनी केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून प्रसिद्ध झाले. ईयोबाचे पुस्तक त्यांच्या हाताखालून गेले तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करायची. कारण तो जमाखर्च त्यांच्या घराने प्राणांची किंमत देऊन तपासला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. क्षेत्रोक्षेत्री फिरायचे, पुराण सांगायचे, मिळेल त्यातून दानधर्म करायचा. दुष्काळ आला तेव्हा, देव प्रसन्न होऊन सारे परत देईल या श्रद्धेने त्यांनी होते नव्हते ते दानात, व्रतात आणि यात्रेत घातले. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात हे लिहिले आहे. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. शेवटी रानातल्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ च्या सुमारास, थोड्याथोड्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या.

यावर त्यांचे टीकाकार म्हणतील की म्हणूनच त्यांनी देव बदलला. पण नव्या देवाने तरी त्यांच्याशी सौदा केला होता असे दिसत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या डोळ्यांदेखत गेली; पुढच्याच वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. त्यांनी भाषांतर सोडले नाही. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी ज्या शेकडो मुली आणि बाया केडगावला आणल्या, त्यांपैकी एकीलाही, तुझे संचित काय होते, असे विचारण्याची त्यांना गरज पडली नसावी. भूक म्हणजे काय हे त्या जाणत होत्या.

ईयोबाच्या गोष्टीचा शेवट पुष्कळांना गोड वाटतो, आणि काहींना तो गोड आहे म्हणूनच खटकतो. सगळे दुप्पट मिळते: चौदा हजार मेंढ्या, सहा हजार उंट, बैलांच्या हजार जोड्या, हजार गाढवी. आजारपणात पाठ फिरवलेले सारे भाऊबंद आणि बहिणी आता जेवायला येतात, त्याचे सांत्वन करतात आणि प्रत्येक जण एकेक नाणे व सोन्याची एकेक अंगठी आहेर करतो. हा तपशील लिहिणाऱ्याला नातेवाईक चांगले ठाऊक होते. मग जमाखर्च अखेर जुळलाच ना, असे कुणी विचारील. पण आकडे नीट पाहा. मेंढ्या, उंट, बैल, गाढवी सारे दुप्पट; मुले मात्र पुन्हा सात आणि तीन, पहिल्याइतकीच. जुन्या टीकाकारांनी याचा अर्थ असा लावला की पहिली दहा परलोकात आहेतच, म्हणून वीस पुरी झाली. मला त्यात समाधान नाही. आपल्या हरिश्चंद्राच्या गोष्टीत राज्य परत मिळते आणि स्मशानात आणलेला रोहिदासही उठून बसतो. तिथे परतफेड पुरती होते. ईयोबाचे एकही मूल उठून बसत नाही. मेंढरांच्या जागी मेंढरे आणता येतात, हे लिहिणाऱ्याने मान्य केले आणि मुलांपाशी तो थांबला.

आणखी एक फरक आहे. नव्या सात मुलग्यांची नावे ग्रंथकार सांगत नाही. तीन मुलींची सांगतो. यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. पहिलीचा अर्थ बहुधा पारवा, दुसरी म्हणजे दालचिनीसारखी सुगंधी साल, आणि तिसरी म्हणजे शिंगाची काजळाची डबी. राखेत बसून उठलेल्या म्हाताऱ्याने मुलीचे नाव काजळाची डबी ठेवावे! आणि या तिघींना बापाने भावांबरोबर मिळकतीत वाटा दिला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा नसेल तरच मुलीला वारसा मिळे. येथे सात मुलगे असताना दिला. आपल्याकडे हिंदू घराच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीने जन्मसिद्ध हक्क साऱ्या देशभर मिळायला २००५ साल उजाडले. ईयोबाला हे कुणी करायला सांगितले नव्हते. देवाच्या एवढ्या लांब भाषणात वाटणीचा विषय नाही.

आधीच्या तिघी बहिणींची नावे पुस्तकात कुठेच नाहीत. भाऊ आळीपाळीने आपल्या घरी मेजवानी करीत आणि या तिघींना जेवायला बोलावणे धाडीत, एवढेच त्यांच्याविषयी सांगितले आहे. वादळ आले तेव्हा त्या थोरल्या भावाच्या घरी पानावर बसल्या होत्या.